हेडसरांचा चष्मा: वांगाची एक केस आणि यूव्ही इंडेक्स समजावताना झालेली माझी फजिती

मी स्किनची डॉक्टर, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ओपीडी आहे. रोजच्या पेशंटमध्ये वांगाचे बरेच असतात आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना "सनस्क्रीन लावा" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय की आता बोलताना मलाच ऐकू येत नाही. ही केस लिहायचं कारण हे की हिच्यात मला पहिल्यांदा नीट कळलं की ते वाक्य समोरच्याला कसं ऐकू जातं. पेशंटची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या एक बाई, वय अडतीस, दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले ते गेलेच नाहीत, उलट वाढले. गोळ्या कसल्या चालू नाहीत, थायरॉईड नॉर्मल. मधल्या काळात मेडिकलवाल्यानं दिलेली एक गोरं करायची ट्यूब दीडेक वर्ष लावली होती, म्हणजे तीच आपली तिहेरी भेसळ, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि वर स्टिरॉइड. लावली की महिनाभर चेहरा चकचकीत आणि सोडली की दुप्पट काळा. २०१८ ला सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून, पण गावाकडं "मागच्या वेळची ती पिवळी ट्यूब द्या" म्हटलं की मिळते हे सगळ्यांना माहितीय. गाल लाल, बारीक लव आलेली, कातडी पातळ. ती ट्यूब हळूहळू बंद केली, रात्रीसाठी अझेलिक ॲसिड हे डाग फिके करणारं मलम दिलं. हा भाग इथंच सोडते, यावर लिहायला बसले तर दुसरंच प्रकरण होईल.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी विचारलं, सनस्क्रीन लावता का. तर पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. "रोज लावते मॅडम, न चुकता. ही बघा." ट्यूब चांगली होती, एसपीएफ ५०, वर पीए प्लस प्लस प्लस, ५० ग्रॅमची. म्हटलं कधी घेतली? तर म्हणाल्या दिवाळीनंतर लगेच. म्हणजे जवळजवळ चार महिने, आणि हातात घेतली तर अजून थोडी जड लागत होती!

एसपीएफचा, म्हणजे क्रीम ऊन किती अडवते त्याचा, जो आकडा ट्यूबवर लिहितात तो लॅबमध्ये चामडीच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थापून काढलेला असतो. नुसता चेहरा धरला तरी एका वेळेला एक ग्रॅमच्या वर जातं. चार महिन्यात एकशेवीस दिवस, ५० ग्रॅम, म्हणजे रोज फार तर चाळीस शतांश ग्रॅम, वाटाण्याएवढा ठिपका, आणि तोच मानेपर्यंत ओढलेला. हे सांगितल्यावर बाईंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या, रोज लावतच होत्या.

मग मी त्यांचा दिवस विचारला. हे मी आधी कधी करत नव्हते, त्या दिवशी पेशंट कमी होते म्हणून विचारलं इतकंच. शाळा साडेदहाची. साडेनऊ-पावणेदहाला घरून निघतात, स्कूटीवर अर्धा तास. पोचल्यावर मैदानात परिपाठ. एकच्या सुमाराला पोरांची खिचडी, ती शाळेच्या ओट्यावर आणि अंगणात, तिथं अर्धा-पाऊण तास उभं राहायचं. पाचला सुटली की परत स्कूटी. सनस्क्रीन कधी? अंघोळ झाली की, सकाळी साडेसहाला, देवपूजेच्या आधी! आणि स्कार्फ? स्कार्फ फक्त येताना, पाच वाजता. "येताना ऊन तोंडावर असतं ना मॅडम, भाजून निघतं नुसतं. सकाळी काय, सकाळची हवा असते."

मी इथं पहिली चूक केली. मोबाईलवर यूव्ही इंडेक्सचा, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण किती जोरात आहेत त्या आकड्याचा, तो रंगीत तक्ता दाखवला, हिरवा पिवळा केशरी लाल जांभळा, ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० खूप जास्त, ११ च्या पुढं अतितीव्र, आणि म्हटलं हवामानाच्या ॲपमध्ये रोज बघत जा. मोठ्या उत्साहात हे पण सांगितलं की हा आकडा कॅनडानं १९९२ ला लोकांसाठी सुरू केला आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना एकच पट्टी दिली. बाईंनी मान डोलावली. शिक्षिका आहेत, कुणी तक्ता दाखवला की मान डोलवायची सवय असणारच.

दीड महिन्यानं, एप्रिलमध्ये परत आल्या, फोटो शेजारी शेजारी लावून बघितले तर काही फरक नाही. म्हटलं ॲप बघता का? म्हणाल्या, "बघितलं ना आठवडाभर. पण त्यात काही विशेष नसतंच मॅडम. तापमान ३४ दाखवतंय आणि यूव्ही नुसतं ९. नऊ म्हणजे कमीच की."

मला हसू आलं आणि मग लाज वाटली. ज्या माणसानं आयुष्यभर आकडा बघितलाय तो तापमानाचा, त्याच्यासमोर ३४ च्या शेजारी ९ ठेवला तर तो नऊला काय घाबरणार? आणि तो तक्ता मुळात आपल्यासाठी बनवलेलाच नाही. गोऱ्या कातडीचा माणूस ९ मध्ये पंधरा-वीस मिनिटात लालबुंद होतो, रात्री पाठ टेकवत नाही, त्याला आकडा आपोआप शिकवला जातो. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असं पोरांना गाण्यातून शिकवतात, कारण त्यांच्याकडं कातडीचा कॅन्सर घरोघरी. आपली कातडी लाल होत नाही, सोलत नाही, गुपचूप काळी होते, आणि ती पण काही दिवसांनी, तोपर्यंत कुठल्या दिवसाचं ऊन हे कुणाला आठवतंय. त्यामुळं "भाजाल", "कॅन्सर होईल" या दोन्ही भीत्या आमच्या ओपीडीत फुकट जातात.

आणि खरी गोची शब्दात आहे असं मला आता वाटतं. आपण ऊन म्हणतो ते अंगाला लागतं ते. ऊन लागलं, ऊन तापलं, ऊन उतरलं, ऊन मऊ झालं. सगळं चटक्याचं बोलणं. यूव्हीला चटका नसतोच. अंगाला जे गरम लागतं ते इन्फ्रारेड आणि तापलेली हवा, रस्ता, भिंती. जमीन तापायला वेळ लागतो म्हणून हवा सगळ्यात गरम असते ती दुपारी तीनच्या आसपास, आणि पाच वाजता पण डांबरी रस्ता भट्टीसारखा. यूव्हीला हा उशीर नाही, सूर्य जेवढा डोक्यावर तेवढं यूव्ही जास्त, सूर्य कलला की ते धाडकन खाली येतं कारण किरणांना हवेतून आणि ओझोनमधून तिरकं लांब यावं लागतं. म्हणजे बाई जेव्हा उघड्या तोंडानं जात होत्या तेव्हा यूव्ही चढत होतं, आणि जेव्हा स्कार्फ गुंडाळून येत होत्या तेव्हा ते जवळजवळ संपलेलं होतं. बरोबर उलटं. आणि त्यात त्यांची काही चूक नाही, अंगाला जे लागतंय त्यावरच माणूस चालणार ना.

त्या दिवशी मी तक्ता ठेवून दिला आणि ॲपमधला तासातासाचा आलेख उघडला. एक कोरा कागद घेतला, त्यावर त्यांच्याच दिवसाच्या चार वेळा लिहिल्या आणि पुढं त्या दिवसाचे ॲपवरचे आकडे. साडेसहा, क्रीम लावतात तेव्हा: ०. पावणेदहा, स्कूटी: ६. एक वाजता, खिचडी: १२. पाच वाजता, स्कार्फ: २ पण नाही.

बाई कागदाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी शून्याला लावते आणि बाराला पुसून जाते?" मला यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं नसतं, आता मी तेच वापरते.

नियम एकच दिला, ३ च्या वर गेलं की तोंड उघडं ठेवायचं नाही. बाकीचे रंग विसरा. क्रीम घरून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, म्हणजे सव्वानऊला, तर्जनी आणि मधलं अशी दोन बोटं भरून. दुसरी वेळ पावणेएकला, पोरं हात धुवायला जातात तेव्हा. दुसऱ्या वेळेला पूर्ण चेहरा नाही केला तरी चालेल, गाल, कपाळ, नाक आणि ओठाच्या वर एवढं पुरे, बाकी स्कार्फ. पुस्तकात दर दोन तासांनी लिहिलंय, ते मी सांगते पण ज्या बाईला चौतीस पोरं सांभाळायचीत ती दर दोन तासांनी आरशासमोर उभी राहील असं मला वाटत नाही. शिवाय पैसे. दोन्ही वेळा पूर्ण मापानं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यात संपते, एक ट्यूब पाच-सहाशेला, म्हणजे महिन्याला सात-साडेआठशे नुसतं तोंडाचं. पगारदार बाईंना जमेल, शेतावर जाणारीला मी हे सांगूच शकत नाही, तिला मी स्कार्फ आणि मोठ्या काठाची टोपी सांगते आणि तेच जास्त टिकतं. हेल्मेटची काच खाली ठेवा हे पण सांगितलं, पॉलिकार्बोनेटची काच बरंच यूव्ही अडवते, पण आपल्याकडं ती काच वर करून चालवायसाठीच असते बहुतेक.

एक बारीक गंमत सांगते, बाईंनी विचारलं म्हणून मी शोधली. सूर्य डोक्यावर बाराला येतो असं आपण म्हणतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, ते आपल्यापासून लांब पूर्वेला. सातारा ७४ च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमच्याकडं सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या पुढंमागं, नोव्हेंबरात थोडा आधी, फेब्रुवारीत पावणेएकला. म्हणजे खिचडीची वेळ ही यूव्हीच्या शिखराला चिकटलेली. बाईंना हे फार आवडलं, म्हणाल्या पोरांना सांगते.

मे महिना सुट्टी, घरात होत्या, जूनच्या सुरुवातीचा फोटो बरा होता. ओठावरचा डाग फिकट झालेला, गालाचा लालपणा गेलेला. (यात सनस्क्रीन किती आणि स्टिरॉइड बंद झाल्याचं किती हे मी सांगू शकत नाही, शिवाय सुट्टी.) मी खूश. जूनच्या मध्याला शाळा सुरू, पाऊस सुरू, आणि बाई जुलैअखेर आल्या त्या पुन्हा काळ्या होऊन. डावा गाल जवळजवळ पहिल्यासारखा.

"बाई, क्रीम?"

"पाऊस आहे की मॅडम. महिनाभर ऊनच पडलं नाही. ट्यूब जपून ठेवलीय, खराब नको व्हायला."

बघा, एप्रिलमध्ये एवढं आकड्यांचं सगळं समजलं होतं, आणि ढग आले तसं डोकं परत चटक्यावर गेलं. मी ॲप दाखवणार तेवढ्यात त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का, आमच्या हेडसरांचा चष्मा पावसाळ्यात पण काळा का होतो?"

हेडसरांचा चष्मा उन्हात काळा होणारा, फोटोक्रोमिक. घरात पांढरा, बाहेर पडलं की तपकिरी. परिपाठाला सर पुढं उभे राहतात आणि पोरं आपापसात हसतात की सर गॉगल लावून प्रार्थना म्हणतात. आणि बाईंनी बघितलं होतं की आभाळ भरलेलं आहे, सावली पडत नाहीये, तरी चष्मा काळा. महिनाभर हे डोळ्यासमोर होतं, त्याचा सनस्क्रीनशी संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मला पण कधी ते उदाहरण सुचलं नव्हतं, माझ्या स्वतःच्या नवऱ्याचा चष्मा तसला आहे तरी!

त्या काचेतलं रसायन यूव्हीनंच गडद होतं, उजेडानं किंवा उकाड्यानं नाही. पातळ ढगातून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खाली येतं. काळाकुट्ट पावसाचा ढग बरंच अडवतो, तेव्हा आकडा दुपारी पण तीन-चारवर येतो, पण पांढुरक्या आभाळाच्या दिवशी जुलैत आमच्याकडं आठ-नऊ पण दिसतो. आणि हे विसरू नका की सूर्य त्या दिवसात अगदी माथ्यावर असतो. साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे पावसाळ्यातला सूर्य मेएवढाच उंच, फक्त ढगामागं. बाईंना मी म्हटलं, तुमच्या हेडसरांना फिरता यूव्ही मीटर समजा. परिपाठाला चष्मा काळा झाला की समजायचं आपलं तोंड पण तेच खातंय.

ही उपमा फार ताणू नये हे पण सांगते, कारण मी ताणली आणि फसले. एक तर त्या काचा थंडीत जास्त गडद होतात आणि उकाड्यात कमी, म्हणजे काळेपणावरून यूव्ही किती हे ठरवता येत नाही, आहे की नाही एवढंच. दुसरं म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेआड त्या फारशा काळ्या होत नाहीत कारण ती काच यूव्ही अडवते, आणि एका दुसऱ्या पेशंटनं त्यावरून ठरवलं की गाडीत बसलं की काहीच लागत नाही. पुढची काच दोन थरांची असते, बाजूची खिडकी साधी, तिच्यातून यूव्हीए, म्हणजे यूव्हीतला कातडीत खोल जाणारा भाग, बऱ्यापैकी आत येतं, आणि ते सहा-सहा तास गाडी चालवणाऱ्यांच्या खिडकीकडच्या बाजूला दिसतं.

जुलैनंतर बाईंनी नियम एकदा पण मोडला नाही. मला वाटतं माझा कागद त्यांना पटला होता पण तो माझा होता, चष्मा त्यांनी स्वतः पकडलेला होता. डिसेंबरात तर त्यांनी मला न विचारता चौथीच्या पोरांना कामाला लावलं. मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं की ज्यांच्याकडं ॲप नाही त्यांनी सावली बघावी, सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की यूव्ही जोरात आहे. बाईंनी वर्गातल्या एका पोराला उन्हात उभं केलं, दुसऱ्यानं खडूनं सावलीच्या टोकाला रेघ मारायची, तिसऱ्यानं टेपनं मोजायचं. पोराची उंची १३० सेंटीमीटर. परिपाठानंतर सावली दीडशेच्या पुढं. साडेबाराला ११४. बाईंनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खडूच्या रेघा, शेजारी चपला, आणि खाली लिहिलेलं, "मॅडम थंडीत पण बुटकी!"

आणि ते बरोबरच आहे. वर्षातला सगळ्यात लहान दिवस धरला तरी भर दुपारी आमच्याकडं सूर्य ४९ अंशाच्या जवळ असतो. लंडनमध्ये त्या दिवशी तो क्षितिजावर कसाबसा १५ अंश चढतो, म्हणून तिकडं हिवाळ्यात यूव्ही एकाच्या आत. आपल्याकडं हिवाळा हा हवेचा आहे, उन्हाचा नाही. पण त्या फोटोवरून मला माझी एक चूक पण कळली. परिपाठाच्या वेळेला सावली दीडशे म्हणजे उंचीपेक्षा लांब, सावलीच्या नियमानं "सुरक्षित", आणि ॲपवर तेव्हा ४ होता. म्हणजे सावली उंचीएवढी होईपर्यंत थांबलं तर ३ चा नियम कधीच मोडलेला असतो. आता मी सावलीचा नियम सांगताना म्हणते, सावली तुमच्याएवढी व्हायच्या तासभर आधीच लावून बसा.

त्याच डिसेंबरात शाळेची सहल महाबळेश्वरला गेली. बाईंना मी आधीच म्हटलं होतं की तिथं सांभाळा, आणि त्यांनी सांभाळलं, टोपी, क्रीम, सगळं. त्यांच्या सोबतच्या दुसऱ्या बाईंनी नाही. थंडी वाजत होती, स्वेटर अंगात, सगळे उन्हात बसायला जागा शोधत होते, वेण्णा लेकच्या काठावर दोन तास, पॉइंटवर तीन तास. दुसऱ्या बाई आठवड्यानं माझ्याकडं आल्या, गाल काळपट झालेले, म्हणे स्ट्रॉबेरीची ॲलर्जी झाली असेल. लोकांना वाटतं तिथं उंचीमुळं ऊन फार कडक असतं. हजार मीटरला साधारण दहा टक्के वाढतं हे खरं, पण साताऱ्यापासून महाबळेश्वर सहाशे-सातशे मीटरच वर, म्हणजे उंचीचा हिशोब पाच-सात टक्के. बाकी सगळं हे की थंडीमुळं उन्हातून उठावंसंच वाटत नाही.

आता माझ्या शिकवण्यानं जे बिघडलं ते. ऑक्टोबरात बाईंच्या डाव्या गालाचा डाग थांबला होता पण हलत नव्हता. विचारलं तर कळलं की शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा ॲप साडेसातला १ दाखवतंय म्हणून काहीच लावत नाहीत, आणि संध्याकाळी बचतगटाच्या मीटिंगला गच्चीवर तसंच. नियम मीच दिला होता, ३ च्या खाली सूट. पण यूव्ही इंडेक्स हा मुळात कातडी लाल करायच्या ताकदीवर तोललेला आकडा आहे, त्यात यूव्हीबीचं, म्हणजे कातडी भाजणाऱ्या भागाचं, वजन जास्त. यूव्हीए सकाळ-संध्याकाळ यूव्हीबीएवढं खाली जात नाही. आणि आपल्या सावळ्या कातडीत वांगाला साधा दिसणारा उजेड पण, विशेषतः त्यातला निळा भाग, भर घालतो, तो तर इंडेक्समध्ये मोजलाच जात नाही, साध्या सनस्क्रीननं अडत पण नाही. त्याला आयर्न ऑक्साइड घातलेली रंगीत सनस्क्रीन लागते. म्हणजे मी ज्या आकड्यानं त्यांना शिस्त लावली तो आकडा त्यांच्या आजारासाठी अर्धाच खरा होता. हे मला माहिती होतं, पण पहिल्याच दिवशी एवढं सगळं सांगितलं असतं तर परत तक्त्यासारखीच मान डोलली असती. ऑक्टोबरात बदलून रंगीत दिली, आणि नियम असा केला की वांग आहेत तोवर सकाळचा हात रोज लावायचाच, ॲप काही का म्हणेना, ॲप फक्त दुपारचा हात ठरवायला. बाई म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलं?" बरोबर आहे त्यांचं.

दुसरा गोंधळ सासूबाईंचा. त्या एकदा सोबत आल्या आणि सरळ म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही ऊन बंद केलं आणि तिकडं हाडाचे डॉक्टर हिला ऊन खायला सांगतात, आम्ही ऐकायचं कुणाचं?" प्रश्न एकदम वाजवी. सूनबाईंचं व्हिटॅमिन डी खरंच कमी होतं आणि त्यासाठी त्या सकाळी सातला अंगणात कोवळ्या उन्हात बसत होत्या. आता कोवळं ऊन अंगाला छान लागतं, पण व्हिटॅमिन डी बनतं ते यूव्हीबीनं, आणि सातच्या उन्हात यूव्हीबी नावालाच असतं. म्हणजे इथं पण तेच, अंगाला काय वाटतं त्यावर सगळा कारभार. सासूबाईंना म्हटलं, ऊन बंद नाही केलं, तोंड झाकलंय. दहा-अकराच्या सुमाराला हात कोपरापर्यंत आणि पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसू दे, तोंडाला क्रीम. वांग हातापायाला येत नाहीत फारसे. आणि रक्तात एवढं कमी आहे तर गोळ्या पण घ्या, नुसत्या उन्हानं भरून यायचं नाही. सासूबाईंना पटलं की नाही माहीत नाही, पण जाताना "आमच्या वेळी नव्हतं हे असलं" एवढंच म्हणाल्या, म्हणजे बहुतेक पटलं.

आता एक वर्षाचा हिशोब. फोटोत उजवा गाल आणि ओठ निम्म्याहून जास्त फिके, डावा गाल त्यामानानं कमी, वांग पूर्ण गेलेले नाहीत आणि जाणार पण नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात दोन आठवडे ढिलाई केली की परत वर येतील. यात अझेलिक ॲसिडचा वाटा आहे, स्टिरॉइड सुटल्याचा आहे, एका पेशंटवरून मी "यूव्ही शिकवलं म्हणून बरं झालं" असं छातीठोक म्हणणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की सनस्क्रीन लावणं बदललं, आणि ते दोन वेळा बदललं, एकदा त्यांच्या स्वतःच्या वेळापत्रकासमोर आकडे ठेवले तेव्हा आणि एकदा हेडसरांच्या चष्म्यानं. रंगीत तक्त्यानं काही झालं नाही.

ओपीडीत आता टेबलाच्या काचेखाली एक कोरा फॉर्म ठेवलाय, चार रिकाम्या ओळी, तुम्ही उन्हात कधी असता आणि तेव्हा आकडा किती. पेशंटनं स्वतःच्या मोबाईलवर बघून स्वतःच लिहायचा, मी लिहून दिला तर घरी जाऊन पिशवीतच राहतो. तीन-चार मिनिटं जातात. गर्दी असली की मी अजून पण "सनस्क्रीन लावा" म्हणून मोकळी होते, खोटं कशाला सांगू. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना सावली, आणि पावसाळ्यात सावली पडत नाही तेव्हा गावात कुणाचा काळा होणारा चष्मा आहे ते विचारते. प्रत्येक गावात एक तरी निघतोच, बहुतेक मास्तर नाहीतर पोस्टमन.

बाईंना मी सांगून ठेवलं होतं की रिकाम्या ट्यूबा टाकू नका, फॉलोअपला घेऊन या, म्हणजे मला मोजता येतं. फेब्रुवारीत आल्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत नऊ ट्यूबा होत्या. सगळ्या मधोमध कात्रीनं कापलेल्या, आतलं बोटानं पुसून घेतलेलं.